अ‍ॅव्हो मीटरच्या लीड्सबद्दल: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. वडिलांच्या अ‍ॅव्हो ८ या काट्याच्या जुन्या मल्टिमीटरच्या लीड्स, म्हणजे मोजायच्या वायरी, तुम्ही आमच्याकडे दुरुस्तीला दिल्या होत्या. तुमच्या तक्रारी अशा: मूळ वायर काढून नवी टाकली, मग जुनं राहिलं काय, तपकीर गल्लीत दीडशेला नवी जोडी मिळते तिथे साडेसहाशे घेतले आणि वेळही लावला, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली तर डिजिटल मीटर शून्याऐवजी ०.१ ओहम दाखवतो. आणि मागूनही ‘कॅट थ्री १००० व्होल्ट’ असा सुरक्षेच्या रेटिंगचा शिक्का मारून दिला नाही, उलट ‘मेन्सच्या पॅनेलवर वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधली. जुनी मीटर सांभाळणाऱ्या इतरांनाही हे प्रश्न पडतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी वायर. ती रबराची होती आणि प्रोबच्या, म्हणजे हातात धरायच्या टोकाच्या, मानेपाशी वाकवली की तडे उघडून आतलं तांबं दिसत होतं. लीड जवळपास नेहमी तिथेच जाते. सोल्डर तारांमध्ये वर चढलेलं असतं, तेवढा भाग कडक होतो, आणि तो जिथे संपतो तिथे रोज वाकून एकेक बारीक तार तुटत जाते. तुमच्या लाल लीडमध्ये मोजक्याच तारा धरून होत्या. हात हलला की काटा नाचतो असं तुम्ही सांगितलं होतंत, ते यामुळेच.

तेवढा तुकडा कापून मूळ वायरच पुन्हा जोडायची, असंच आमच्या मनात होतं. कापली तर आतलं तांबं काळं. रबर पक्कं करायला गंधक घालतात आणि ते वर्षानुवर्षं तांब्याला लागत राहतं. अशा काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. आणखी मागे कापत गेलो, तरी काळंच. केसाएवढ्या तारा खरवडायला गेलं की तुटतात. जहाल फ्लक्स, म्हणजे तांबं साफ करणारं रसायन, लावून सोल्डर बसवता येतं, नाही असं नाही, पण ते फ्लक्स इन्सुलेशनच्या आत झिरपतं आणि पुढे तांबं हिरवं पडून जोड सुटतो. असं काम आम्ही देत नाही.

बाकी सगळं तुमच्या वडिलांचंच आहे. बेकेलाइटच्या मुठी त्याच, टोकं तीच, मीटरकडच्या पिनाही त्याच. टोकांवर ओरखडे दिसतात असंही तुम्ही लिहिलंय. पॉलिशपेपर मारला असता तर टोकं चकचकीत झाली असती, पण वरचं निकेल जाऊन खालचं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी वायर सिलिकॉनची आहे. मऊ राहते, सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं तरी वितळत नाही. मात्र पत्र्याच्या धारेवर पटकन चिरते, तेवढं चॅसिसपाशी जपा.

०.१ ओहमचं म्हणाल तर वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची आहे, दोन्ही लीड्स मिळून २.४ मीटर. इतक्या तांब्याचाच रोध ०.०५६ ओहम भरतो. २०० ओहमच्या रेंजवर तुमच्या डिजिटल मीटरचा शेवटचा आकडाच ०.१ चा आहे, तो त्याहून बारीक दाखवूच शकत नाही. आम्ही लीड्समधून १ अँपिअर सोडून मिलिव्होल्ट मोजले, त्यावरून रोध नेमका कळतो, आकडा पावतीमागे लिहिलाय. अ‍ॅव्होवर तर टोकं टेकवून झिरोचा नॉब फिरवलात की हा फरक उरतच नाही.

आता शिक्का. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. तुम्ही म्हणता, मीटरवरच १००० व्होल्टची रेंज आहे, मग लीडवर लिहायला काय हरकत? कॅट थ्री म्हणजे नुसते व्होल्ट नव्हेत. घराच्या किंवा कारखान्याच्या डीबीवर (वीज वाटणाऱ्या बोर्डावर) क्षणभर येणारा व्होल्टेजचा झटका आणि शॉर्ट झालं तर मागून येणारा करंट, यांचा त्यात विचार असतो. कॅट थ्री ६०० व्होल्टच्या वस्तूला ६००० व्होल्टचा झटका सोसावा लागतो. प्रोबसाठी आयईसी ६१०१०-०३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कॅट थ्रीसाठी धातूचं टोक ४ मिलिमीटरहून जास्त उघडं चालत नाही आणि बोटं पुढे घसरू नयेत म्हणून मुठीला कडा लागते. तुमच्या मुठींना कडा नाही आणि टोकं लांबलचक उघडी आहेत. पॅनेलमधल्या दोन बसबारच्या (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) मध्ये असं टोक आडवं झालं तर ठिणगी नाही, स्फोट होतो, आणि हात तिथेच असतो. टोकावर स्लीव चढवता आली असती, पण मुठीला कडा कुठून आणणार? शिक्का बनवायला काही लागत नाही हो, पण तो वाचून उद्या तुमचा मुलगा थ्री फेजच्या पॅनेलला हात घालेल. तो शिक्का मी मारणार नाही, कितीही पैसे दिलेत तरी.

रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, पॉवर सप्लाय, बॅटरी, म्हणजे टेबलावरच्या कमी व्होल्टच्या कामाला या लीड्स बिनधास्त वापरा. डीबीसाठी वेगळी, खरोखर रेटिंग असलेली जोडी घ्या. ती निवडायला हवी तर मदत करतो, आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. दीडशेची जोडी घेणार असाल तर एवढं करा, वायरला चुंबक लावून बघा. स्वस्त लीड्समध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड असतं, ते लगेच चिकटतं.

पैसे वायरचे आणि हातकामाचे आहेत, काम घेतानाच सांगितले होते. उशीर लाल वायर यायला लागला, तेही फोनवर कळवलं होतं.

तरी समाधान नसेल तर मीटर आणि लीड्स दोन्ही घेऊन या, तुमच्यासमोर पुन्हा मोजतो, त्याचे पैसे नाहीत. जुन्या वायरचे तुकडे तुमच्या नावाच्या पाकिटात काउंटरला ठेवलेत, काळं तांबं स्वतः बघता येईल. सोमवारी दुकान बंद असतं.