सीमेपलीकडचे चार टायर आणि मधल्या भोकाचं भाडं

गाडीचे चारही टायर गोटा व्हायला आले होते. खाचांच्या तळाशी रबराची ती छोटी आडवी पट्टी असते ना, नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली होती. ती पट्टी १.६ मिलिमीटरवर असते आणि बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादाही तेवढीच आहे. म्हणजे आता चालढकल नाही. टायरवाल्याने चार टायरचा भाव सांगितला. मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं.

तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच साइज. सीमेपलीकडच्या एका ऑनलाइन दुकानात ३८ टक्के स्वस्त! मी तीनदा पान रिफ्रेश केलं. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "एवढं स्वस्त कसं?" मी म्हटलं, "आपला माणूस लुटतोय म्हणून." हे वाक्य मी नंतर मागे घेतलं आहे, पण त्यासाठी दोन महिने लागले.

नवऱ्याचा तो 'एवढं स्वस्त कसं?' हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता, तो नंतर विचारला. एकाच टायरचा भाव सीमेच्या दोन बाजूंना वेगळा असतो, त्याची कारणं बहुतेक कंटाळवाणी असतात. कर वेगळे, खप वेगळा, चलनाचा भाव वर-खाली झालेला. कधी सरकारनेच भिंत घातलेली असते. अमेरिकेने सप्टेंबर २००९ मध्ये चीनच्या मोटारींच्या टायरवर पहिल्या वर्षासाठी ३५ टक्के जादा शुल्क लावलं होतं. अशा वेळी भिंतीपलीकडे टायर स्वस्त दिसणारच. पण तुम्ही तो भिंतीवरून अलीकडे घेतलात की भिंतीचे पैसेही तुम्हीच भरायचे असतात. मी मात्र भिंत न बघता पलीकडचा भाव बघत बसले होते.

एका बाबतीत मी शहाणपणा केला, तोही नशिबाने. माझ्या जुन्या टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलंय. पलीकडे सर्वांत स्वस्त जो दिसत होता, त्यावर आकडे तेच, फक्त सुरुवातीला 'पी' आणि शेवटी ९१ च्या जागी ८९. मला वाटलं, असेल काहीतरी. पण हे 'काहीतरी' म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा कोड. ९१ म्हणजे ६१५ किलो, ८९ म्हणजे ५८० किलो. अमेरिकी पद्धतीच्या 'पी' टायरचं गणित जरा वेगळं मांडतात, त्यामुळे तोच साइज तिकडे कमी भार घेणारा निघू शकतो. चाकामागे ३५ किलो, चार चाकांचे १४०. म्हणजे मागच्या सीटवरची दोन मोठी माणसं. शेवटच्या अक्षराचंही तसंच: व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, एच म्हणजे २१०. तेवढ्या वेगाने आपण कोणी जात नाही हे खरं, पण गाडी बनवणाऱ्याने जे अक्षर दिलंय त्याच्या खालचं बसवलं, तर उद्या विमेवाल्याला बोट ठेवायला जागा मिळते. मी 'पी' सोडून दुसरा घेतला. छाती फुगली होती माझी. एवढं वाचून खरेदी करणारी बाई आहे म्हटलं!

आता हिशेब सांगते. आकड्यांना कुठलंच चलन लावत नाही, म्हणजे भांडण नको. माझ्या टायरवाल्याचा भाव, बसवून, बॅलन्सिंग करून, व्हॉल्व्ह बदलून, जुने टायर घेऊन जाण्यासकट, १०० धरा. पलीकडचे चार टायर ६२. त्यावर वाहतूक १२.

या १२ वर जरा थांबते, कारण मला सगळ्यात जास्त राग याचा आला होता. माझा टायर वजनाला नऊ किलोच्या आसपास. पण कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, हा त्यांचा नेहमीचा हिशेब. माझा टायर ६३ बाय ६३ बाय २१. करा गुणाकार: ८३,३४९. भागिले ५,०००, झाले जवळजवळ १७ किलो. नऊ किलोच्या वस्तूचं १७ किलोचं भाडं! टायरच्या मधल्या भोकाचंही भाडं मी भरलं. ते भोक सीमेपलीकडून माझ्या दारापर्यंत आलं, चार वेळा.

झाले ७४. मग कस्टम्स. इथे बऱ्याच लोकांची पहिली चूक होते, माझीही झाली: मी शुल्क ६२ वर धरलं होतं. बऱ्याच देशांत (अमेरिका ठळक अपवाद) ते वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागतं. आणि मग त्या शुल्कासकटच्या रकमेवर पुन्हा विक्रीकराच्या जातीचा जो काही कर असेल तो. म्हणजे भोकाच्या भाड्यावर शुल्क आणि त्या शुल्कावर कर. सगळं मिळून १२. झाले ८६. कुरिअर कंपनीने तुमच्या वतीने कस्टम्सचे कागद केले, त्याचे ३. हे मला दारात पार्सल आल्यावर कळलं. डिलिव्हरीवाला मुलगा मशीन पुढे करून उभा, पैसे दिल्याशिवाय टायर हातात नाहीत. कार्डाने परकीय चलनात पैसे दिले त्याचे २. झाले ९१. बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, जुन्यांची विल्हेवाट, ५. एकूण ९६.

चार टायर, चार टक्के. दोन महिने.

टायर आले तेव्हा दिसायला झकास होते. नव्या रबराचा तो वास, नक्षीवर रंगीत पट्टे, मधोमध लेबल. मी ते घेऊन त्याच टायरवाल्याकडे गेले, कारण दुसरीकडे जायला तोंड होतं पण ओळख नव्हती. त्याने एक शब्द वाकडा काढला नाही, हेच जास्त लागलं. फक्त म्हणाला, "ताई, बसवून देतो. पण माल तुमचा, जबाबदारी तुमची." मग पहिला टायर उभा केला, हाताने हळूहळू फिरवत नेला आणि एका जागी थांबवला. मोबाइलचा टॉर्च लावला. दुसरा टायर. तिसरा. चौथा. मग मला बोलावलं.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'डीओटी' (अमेरिकी वाहतूक खात्याचं लघुरूप) अशी अक्षरं असतात, त्यांच्यापुढे एक लांबलचक नंबर. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ही चार आकडी पद्धत २००० सालापासूनची. गंमत अशी की पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असणं बंधनकारक आहे. दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा अर्धाच असतो, तारखेविना. मी घरी जी बाजू पाहिली होती ती नेमकी अर्धी.

दोन टायरवर २३२४. म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ठीक. उरलेल्या दोनांवर ०९१९. मी २०२५ मध्ये पैसे मोजून २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमधला टायर नवा म्हणून घेतला होता. एकदाही न धावलेला, नक्षी पूर्ण, वास नवा, वय सहा वर्षं. रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं, हवेतला ऑक्सिजन त्याला आतून कडक करत राहतो. गाड्या बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दहा वर्षांची बाहेरची मर्यादा सांगतात, तीही दरवर्षी तपासून घेण्याच्या अटीवर. म्हणजे माझे दोन टायर उद्या फुटणार होते असं नाही. पण एका हिशेबाने ते गाडीला लागायच्या आधीच निवृत्त झाले होते.

आणि आता खरी मजा ऐका. डीओटीच्या लगेच पुढची दोन किंवा तीन अक्षरं कारखान्याचा कोड असतात. रात्री मी तो शोधला. ते दोन २०२४ वाले टायर सीमेच्या माझ्या बाजूच्या कारखान्यात तयार झाले होते. इथून तिकडे गेले, तिकडे स्वस्त झाले, आणि भोकाचं भाडं भरून माहेरी परत आले.

विक्रेत्याला लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर अत्यंत गोड. "परत पाठवा, पूर्ण पैसे देऊ, परतीचा खर्च ग्राहकाचा." परतीचा खर्च काढला तर टायरच्या किमतीच्या निम्म्याच्या वर. शिवाय भरलेलं शुल्क परत मिळवायचं तर कस्टम्सकडे वेगळा अर्ज, आणि माल खरंच देशाबाहेर गेला याचा पुरावा. त्यांच्या पानावर तारखेबद्दल कुठेही शब्द दिलेला नव्हता, 'नवीन' एवढंच होतं. बरीच पत्रापत्री झाल्यावर दोन टायरच्या किमतीतला थोडा भाग परत आला. म्हणजे अखेरीस माझी बचत चारावरून सातावर गेली म्हणा. नवरा म्हणतो, "बघ, फायदाच झाला." त्याला मी उत्तर देत नाही.

माझं मत बनलं ते इथे. टायरवाल्याच्या १०० मध्ये मला जे दिसत नव्हतं ते त्याचं काम होतं. तारीख बघून माल उचलणं, खराब निघाला तर कंपनीशी भांडणं, माझ्या गाडीला ९१ लागतो हे माहीत असणं. वॉरंटी सहसा जिथे विक्री झाली त्या देशापुरती चालते. एखाद्या बॅचमध्ये दोष निघून कंपनीने टायर परत मागवले, तर ती खबर पलीकडच्या ग्राहकांना जाईल, माझ्यापर्यंत कोण आणणार? हे सगळं काम ऑर्डरचं बटण दाबताना मी स्वतःच्या अंगावर घेतलं. ते चार-सात टक्के बचत नव्हती, त्या कामाची मजुरी होती. काम मला येत नव्हतं, त्यामानाने मजुरी बरीच मिळाली.

म्हणून मी 'मागवूच नका' असं म्हणणार नाही. ज्याला साइडवॉल वाचता येते, जो आधी तारखेचा फोटो मागतो, ज्याच्या साइजचा टायर जवळपास मिळतच नाही (जुन्या किंवा वेगळ्या गाड्यांचं हे खरं दुखणं आहे), त्याने जरूर बघावं. फक्त आधी हे बघा की तो टायर तुमच्या रस्त्यावर चालतो का. युरोपात गोलात 'ई' आणि आकडा असलेला शिक्का लागतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, ४ नेदरलँड्स. टायर कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत डीओटी. भारतात आयएसआय, शिवाय भारताने जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात 'मुक्त'मधून काढून 'निर्बंधित' यादीत टाकली. जर्मनीत हिवाळ्यात नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फासाठी) लिहिलेला टायर ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. म्हणजे स्वस्त टायर दारात येऊनही गाडीला लावता येऊ नये, हेही घडू शकतं.

काही जण सांगतील, मागवता कशाला, गाडी घेऊन पलीकडे जा, बसवून या. सीमेजवळ राहणारे हे करतात. स्वित्झर्लंडमधून जर्मनीत जाऊन लोक अशी खरेदी करतात, पण तिथेही करमुक्त मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आली. त्यात चार टायर बसत नाहीत. मग नव्या टायरला चिखल फासून परत येण्याची जुनी युक्ती आहेच. ती मला सांगणाऱ्याला मी विचारलं, रबराच्या मुळ्या (नव्या टायरवरचे ते केसासारखे तंतू) चिखलात झाकतात का? कस्टम्सवाल्याने आयुष्यात नवा टायर बघितला नसेल असं समजायचं का? पकडलात तर दंड टायरपेक्षा मोठा. ते धंदे नकोत.

गाडीची सध्याची परिस्थिती: २०२४ वाले मागे, २०१९ वाले पुढे. मला वाटलं होतं चांगले पुढे लावावेत. टायरवाला म्हणाला, मागची पकड सुटली तर ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते आणि तुम्हाला काही करता येत नाही. पुढची सुटली तर निदान स्टिअरिंगमधून हाताला कळतं. शोधून पाहिलं, टायर कंपन्यांचाही सल्ला तोच. पुढचे दोन मी वर्षभराच्या आत काढणार आहे, आणि ते त्याच्याकडूनच घेणार. भाव विचारला, १०० च्या हिशेबानेच सांगितला. मी घासाघीस केली नाही.

विक्रेत्याचं नाव इनबॉक्समध्ये विचारू नका, देणार नाही. पण कोणी असे टायर मागवले असतील आणि आकडे लागत नसतील तर कमेंटमध्ये फोटो टाका, वाचून सांगते. फोटो मात्र पूर्ण नंबर असलेल्या बाजूचा काढा. कदाचित त्यासाठी गाडीखाली वाकून आतल्या बाजूला टॉर्च मारावा लागेल.