खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ओल, ब्लीचिंग पावडर आणि वॉटरप्रूफ रंग

नमस्कार खानापूरकर,

प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बुरशीवरच्या माझ्या लेखातला खिडक्या उघडण्याचा सल्ला बेळगावातल्या फ्लॅटवाल्यांचा आहे, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तो चालत नाही. मी नको म्हटलेल्या ब्लीचिंग पावडरनंच तुमची भिंत मे महिन्यात स्वच्छ झाली. आणि वॉटरप्रूफ रंगाला माझा विरोध म्हणजे जुन्याचं खूळ.

खिडक्यांचं आधी. मी उघडायला सांगितली ती स्वयंपाकघराची आणि न्हाणीची खिडकी, तीही काम चालू असताना. भात शिजतोय, दोरीवर ओले कपडे आहेत, न्हाणीत गरम पाणी आहे, अशा वेळी घरातली हवा झडीच्या दिवसांतही बाहेरच्यापेक्षा जास्त ओली असते. ती बाहेर घालवायलाच हवी. पण सामानाच्या किंवा वापरात नसलेल्या खोलीबाबत माझंही मत तुमच्यासारखंच आहे. जाड चिऱ्याची भिंत थंड असते. बाहेरची दमट हवा आत येऊन तिला लागली की तिथंच पाणी सुटतं. अशी खोली पावसात बंद ठेवा, उघडीप मिळाली की उघडा, आणि कपाट, पेट्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी नेहमी कपाटामागं आधी येते, कारण तिथं हवा खेळत नाही.

आजीच्या घरात बुरशी नव्हती, असं तुम्ही लिहिता. नव्हतीच. दिवसभर चूल धुमसायची, भिंतींना ऊब लागायची आणि वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची. आता गॅस आहे, आणि गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. त्यात कौलांखाली आपण पीव्हीसीचं सिलिंग ठोकलं. वाफेनं जायचं कुठून? (चूल परत आणा असं मी म्हणत नाही. त्या धुरानं आजीच्या छातीचं काय झालं तेही आठवत असेल.)

आता ब्लीचिंग पावडर. मे महिन्यात कुठलीही भिंत स्वच्छच दिसते हो! जुलैच्या शेवटी काय दिसतं ते कळवा. ब्लीचनं काळा डाग पांढरा होतो. न्हाणीतल्या टाइल्सवर ते ठीक आहे. गिलाव्यावर मात्र क्लोरीन वरच राहतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं, म्हणजे खालच्या बुरशीची सोयच. घट्ट पृष्ठभागावरची बुरशी साबणाच्या पाण्यानं घासून, पुसून, वाळवली तरी पुरते. कोरड्या झाडूनं झाडू नका, कण घरभर उडतात. नाकाला मास्क लावा, आणि घरात दम्याचं कोणी असेल तर त्याला त्या वेळी बाहेर बसवा. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

वॉटरप्रूफ रंगाला माझा सरसकट विरोध नाही. गच्चीला लावा, पावसाच्या तोंडावरच्या बाहेरच्या भिंतीला लावा. आतल्या बाजूनं ओल्या भिंतीला मारण्याला विरोध आहे. पाणी मागून येतंय आणि आपण पुढून दार लावतोय. मग लोणा धरतो, म्हणजे भिंतीतले क्षार पाण्याबरोबर पुढे येऊन रंगाखाली साचतात आणि पोपडे उचलतात. महागडा रंग दुसऱ्याच पावसाळ्यात फुगून हातात येतो, आणि दोष मात्र गवंड्याला.

म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा. चपात्या गुंडाळायचा चंदेरी फॉइल घ्या. भिंतीचा वीतभर तुकडा पुसून पंख्याखाली कोरडा करा, त्यावर फॉइल ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ओल हवेतली. सोलून काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर ओल भिंतीतली, आणि मग काम बाहेरून करायचं.

बाहेरून म्हणजे काय? आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. गल्लीत काँक्रीट पडतं, पुन्हा त्यावर थर पडतो, आणि जुन्या घराचं जोतं रस्त्याच्या खाली जातं. अंगणात भराव टाकून पेव्हर अगदी भिंतीला भिडवतात. पावसाचं पाणी मग पायात मुरतं आणि भिंतीतून हातभर, कधी छातीएवढं वर चढतं. आत शेणानं सारवलेली जमीन होती तोवर काही ओल तिथून वाळून जायची. फरशी बसली आणि तीही वाट बंद झाली. उपाय कंटाळवाणे आहेत: भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवा, चर काढून पाणी लांब न्या, पागोळ्या भिंतीशी पडत असतील तर पत्र्याची पन्हळ लावा. खालचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला तर भिंत श्वास घेते. पन्हळीचा खर्च रंगापेक्षा कमी येतो, तेव्हा 'हे श्रीमंतांचे चोचले' हा तुमचा टोमणा मला लागू होत नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या नदीकाठच्या वाचकांसाठी एवढंच, की 2019च्या ऑगस्टसारखं पाणी घरात शिरलं असेल तर आधी मेन स्विचचं बघा. खोली पाण्यात असताना त्याला हात लावू नका, वायरमनला बोलवा. भिजलेल्या गाद्या, उशा, प्लायवूड टाकून द्या, जीव अडकवू नका. एक-दोन दिवसांतच त्यांत बुरशी धरते. आणि जाड भिंत आतपर्यंत वाळायला महिने जातात, तोवर सणवार आले तरी रंग नको.

फोटो पाठवणार म्हणालात. पाठवा की! फक्त बुरशीचा नको, घराबाहेर उभं राहून भिंतीच्या पायाचा काढा, रस्ता आणि जोतं दोन्ही दिसतील असा.