‘सोन्याचे पैसे घेऊन पितळ लावलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. भिंतीवर डाग पडले आणि तुम्हाला मनस्ताप झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुमचे फोन उचलले गेले नाहीत त्याबद्दलही. साइटवर हाताला चिकटा असतो, मोबाइल पिशवीत असतो. तरी उलटा फोन करायला हवा होता, हे मान्य.

आता पुढचं. डायनिंगच्या भिंतीवर आम्ही उठावाचा वॉलपेपर लावून त्यावर सोनेरी वर्ख चढवला. त्याबद्दल आम्ही ‘सोन्याचे पैसे घेऊन पितळ लावलं, सहा महिन्यांत काळं पडलं, शुद्ध फसवणूक’ असं तुम्ही सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय. म्हणून उत्तरही सगळ्यांना दिसेल असंच देतोय. एक स्टार दिलात त्याचं काही नाही, ग्राहकाचा तो हक्कच आहे. पण आम्हाला लबाड ठरवलंत ते फार लागलं.

पितळ लावलं हे खरंच आहे सर. कारण तेच ठरलं होतं. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर ‘इमिटेशन लीफ (तांबे-जस्त), वर लाखेचं सीलिंग’ म्हणजे पितळेचा वर्ख आणि त्यावर लाखेचा थर, असं मराठीत लिहिलेलं आहे आणि त्याच्या खाली तुमची सही आहे. त्याच पानावर वरच्या ओळीत साडेतेवीस कॅरेटच्या वर्खाचा भावही दिला होता, जवळपास चौपट. तुम्ही तो आकडा बघून हसलात, आठवत असेल. मी सॅम्पलचा बोर्ड घेऊन आलो होतो, एकाच वेलबुट्टीवर अर्ध्या भागात खरा वर्ख, अर्ध्यात इमिटेशन. तुम्ही तो खिडकीपाशी धरलात, लांबून बघितलात आणि म्हणालात, ‘इथून कोणाला कळतंय?’ वहिनीही तिथेच होत्या.

खरं सोनं का महाग पडतं हे तेव्हा सांगितलं होतं, पुन्हा सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. खऱ्या वर्खाचं पान 80 मिलिमीटरचं चौकोनी. एका वहीत 25 पानं. कागदावर हिशेब केला तर पावणेदोन चौरस फूट भरतात. पण पानावर पान थोडं चढवावं लागतं, काही चुरा होतो, आणि उठावाच्या वॉलपेपरवर पान खाली खाचेत उतरतं, पुन्हा वर चढतं. प्रत्यक्षात एका वहीत सव्वा फूट निघाला तरी नशीब. तुमची भिंत 90 फूट. म्हणजे 72 वह्या, नुसता माल. इमिटेशनचं पान 14 सेंटिमीटरचं, जाड, हाताने उचलता येतं, आणि 25 पानांत कागदावर पाच फूट भरतात. खऱ्याला हात लावला की ते बोटावरच विरतं. त्याला खारीच्या केसांचा चपटा ब्रश लागतो, तो आधी गालावरून फिरवायचा, गालाच्या तेलाने पान उचललं जातं. एवढ्या मेहनतीचे पैसे मी तुमच्याकडून घेतलेलेच नाहीत. बिल तुमच्याकडे आहे, रिव्ह्यूमध्ये ते का टाकलं नाही?

आणि इमिटेशन म्हणजे काहीतरी चोरटं, असा समज करून घेऊ नका. युरोपातल्या जुन्या वाड्यांमध्ये भिंतींवर उठावाचं सोनेरी चामडं असायचं, त्यावर बहुतेक ठिकाणी सोनं नव्हतंच. चांदीचा वर्ख आणि वर पिवळं व्हार्निश. जपानी लोकांनी त्याचीच नक्कल कागदावर केली. आधी सांगून केलेल्या कामाला फसवणूक म्हणत नाहीत.

आता काळं पडण्याचं. तुम्ही टाकलेले फोटो मोठे करून नीट बघितले. सर, डाग कुठे आहेत ते तुम्हीच बघा. स्विचबोर्डाच्या आजूबाजूला आणि टेबलाच्या मागे, माणसाचा हात पोचतो तिथपर्यंतच. त्याच्या वर छतापर्यंत भिंत दिवाळीत होती तशीच झळकतेय. डागांचा आकार कमानीसारखा, फडकं फिरवल्यावर उमटतो तसा. नक्षीतल्या द्राक्षाच्या पानाचा फोटो तर फारच स्पष्ट आहे. पानाच्या वर आलेल्या शिरा काळ्या, शिरांच्या मधली खाच जशीच्या तशी. माल खराब असता तर खाचसुद्धा काळी पडली असती. फडकं खाचेत जात नाही.

भिंत काच पुसायच्या निळ्या लिक्विडने पुसली गेली असणार. त्यात अमोनिया किंवा स्पिरिट असतं. लाखेचा थर त्याने सुटतो. थर गेला की खाली उघडं पितळ, आणि तुमची खिडकी समुद्राकडे. देवघरातली समई आपण चिंचेने घासतो ती कशासाठी? तोच धातू. मी काम ताब्यात देताना सांगितलं होतं की कोरड्या मऊ ब्रशने फक्त धूळ झटकायची, ओलं काही लावायचं नाही. घरकामाच्या मावशींचा यात काही दोष नाही, त्यांच्यापर्यंत हे पोचलं नसणार.

तुम्ही असंही लिहिलंय की ‘कागदाला एवढे पैसे’. तो कागद नाही हो. मागे कागदाचं अस्तर असतं इतकंच. वरचा थर जवसाच्या तेलाचा आणि लाकडाच्या पिठाचा. लिनोलियम (जमिनीवर अंथरायचं आच्छादन) काढणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1877 साली तो आणला, नाव लिंक्रस्टा. जसा वाळतो तसा कडक होत जातो, शंभर वर्षांपूर्वीचा अजून भिंतींवर आहे. कापसाच्या लगद्याचा हलका प्रकार, अ‍ॅनाग्लिप्टा, मी तुम्हाला आधी दाखवला होता. तो स्वस्तात झाला असता. तुम्हाला नक्षी खोल हवी होती.

आमची माणसं ‘पंखा बंद करून तासन्‌तास नुसती बसलेली असायची’ असं तुम्ही लिहिलंय, हेही खरं. साइझ, म्हणजे वर्ख धरून ठेवणारी खळ, लावल्यावर ती चिकटपणाला येईपर्यंत थांबावंच लागतं. बोटाच्या पेराने टेकून बघायचं, बारीक टक् आवाज आला की वर्ख लावायचा. आधी लावला तर तो बुडतो, उशिरा लावला तर धरत नाही. पंखा लावला तर पान हॉलमध्ये उडतं. पोरं त्या वेळात मोबाइल बघतात, त्याला मी काय करू? पण त्यांना रोज दोन वेळा चहा वहिनींनी दिला, त्याची आम्हाला जाणीव आहे.

माझे वडील दुकानांच्या काचांवर सोन्याच्या वर्खाने नावं काढायचे. खऱ्याच्या भावात खोटं विकलं असं आजवर आमच्या घराण्याला कोणी म्हणालं नव्हतं. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एका आर्किटेक्टबाईंनी ठरलेलं काम ‘जरा नंतर बघू’ म्हणून थांबवलं. तीन कारागिरांचे पगार त्या कामावर होते. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, पण लिहिताना समोरच्याचं काय होतं ते कळावं म्हणून सांगतोय. दिवाळीच्या आधी तुम्हीच भिंतीचा फोटो पाठवून खाली ‘राजवाडा झाला’ असं लिहिलं होतं. तो मेसेज मी जपून ठेवलाय.

यापुढे भिंत कशी पुसायची ते लेखी देणार आहोत, फोनचंही काहीतरी बघतो.

तुमच्या भिंतीचं काम होण्यासारखं आहे. डाग असलेला पट्टा साफ करून तिथे नवीन पान, वर लाख, मग खाचेत अंबरचा (तपकिरी रंगाचा) हात देऊन वरचा उठाव पुसून काढायचा, म्हणजे जुन्या भागाशी मिळून येईल. मजुरी घेणार नाही. मालाचे पैसे तेवढे द्यावे लागतील, जे होतील ते आधी लेखी कळवतो. फक्त पावसाच्या आधी वेळ द्या, एकदा हवा दमट झाली की साइझ वाळता वाळत नाही. आणि तोपर्यंत कृपा करून त्या भिंतीला फडकं लावू देऊ नका.

काम झाल्यावर पटलं तर रिव्ह्यू बदला, नाही पटलं तर राहू द्या. पण कोटेशनचं दुसरं पान एकदा काढून वाचाच.

आपला,
दुकानाचा मालक