जागेत कोणी गाडी टाकली म्हणून ती तुमची होत नाही, आणि कचऱ्यातून तुम्ही सुटतही नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की तुमच्या खाजगी जागेत कोणी गाडी सोडून गेला तर काही महिन्यांनी ती तुमची, भंगारात विका, तोवर चाकाला लॉक लावा आणि भाडं घेतल्याशिवाय सोडू नका, आणि कचरा टाकला असेल तर तुमचा काही संबंध नाही, टाकणारा बघेल. हे ऐकून कोणी खरंच गाडी विकली तर अडकणार तोच, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"काही महिन्यांनी गाडी तुमची." असा कुठलाही नियम नाही. लोक बहुतेक 12 वर्षं कब्जा राहिला की मालकी सांगता येते ही गोष्ट इथे मिसळतात, पण ती जमीन-घरासाठी आहे, गाडीसाठी नाही. उलट भारतीय न्याय संहितेचं कलम 314 बघा, मालक कोण ते माहीत असताना किंवा त्याला शोधायची धड खटपटही न करता सापडलेली वस्तू स्वतःची करून टाकली तर तो अपहार, शिक्षा 6 महिने ते 2 वर्षं. आणि गाडीला तर नंबर प्लेट असते, चेसिस नंबर असतो, मग "मालक कोण ते कळलंच नाही" हे कोर्टात कोण ऐकणार? 2021 च्या स्क्रॅपिंगच्या नियमांनुसार अधिकृत केंद्रात मालकाची कागदपत्रं लागतात आणि गाडी चोरीची तर नाही ना हेही तपासतात. म्हणजे विकायची तर गुपचूप भंगारवाल्याला, आणि उद्या तीच गाडी एखाद्या गुन्ह्यातली निघाली तर पोलीस पहिले तुमच्याकडे येणार.

"लॉक लावा, भाडं घ्या." ह्यात थोडं तथ्य आहे पण फारच थोडं. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 चं कलम 168 म्हणतं की हरवलेली वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला जो खर्च नि त्रास झाला त्याची भरपाई मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पण मुद्दाम सोडून दिलेली गाडी हरवलेली म्हणायची का इथूनच वाद सुरू होतो, आणि मनाने ठरवलेलं पार्किंग भाडं तर त्यात कुठेच बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 127 दाखवून टोइंगचा सल्लाही देतात, ते कलम सार्वजनिक जागेपुरतं आहे आणि तिथेही परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देतो, आपण नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तर 2012 च्या कायद्याने खाजगी जमिनीवर परस्पर क्लॅम्प, म्हणजे चाकाला लॉक, लावणं हाच गुन्हा केलाय.

आता कचरा, आणि इथे मेसेज सगळ्यात जास्त फसवतो. जो घाण करेल तो भरेल हे तत्त्व बरोबर आहे, राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) कायद्यातच आहे, पण टाकणारा रात्रीत टाकून गेला आणि सापडलाच नाही तर ढीग कुणाच्या जागेत आहे? तुमच्या. वास, डास, आग ह्याचा त्रास शेजाऱ्यांना सुरू झाला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपद्रव हटवायचा आदेश फक्त घाण करणाऱ्यावरच निघतो असं नाही, जागा ज्याच्या ताब्यात त्याच्यावरही निघू शकतो. ब्रिटनमध्ये पण जमीन ताब्यात असणाऱ्याला नोटीस येते, मग मी टाकलं नाही आणि जाणूनबुजून टाकू दिलं नाही हे त्यानेच 21 दिवसांत अपील करून दाखवायचं. मला हे अन्यायाचं वाटतं, ज्याचं नुकसान झालं त्यानेच साफ करायचं, पण सध्या वस्तुस्थिती ही आहे आणि मेसेजवर विसंबून गप्प बसलात तर "माहीत असून चालू दिलं" असं तुमच्याच नावावर लागेल.

"मग कचरा रस्त्यावर ढकला नाहीतर पेटवून द्या." ढकलला की टाकणारे तुम्ही. पेटवणं तर मुळीच नाही, हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, दंड 5,000 रुपये आणि मोठा ढीग असेल तर 25,000.

करायचं काय तर पहिल्याच दिवशी तारखेसकट फोटो काढा, गाडी असेल तर नंबर लिहून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच, नोंदणीकृत मालकाचा पत्ता मिळाला तर स्पीड पोस्टने पत्र पाठवा. कचऱ्यात एखादं बिल किंवा पार्सलचं लेबल दिसलं तर उचलू नका, जिथे आहे तिथेच फोटो घ्या, टाकणारा त्यावरून सापडू शकतो. ड्रम किंवा केमिकलचा वास असेल तर हात न लावता प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. आणि कचऱ्याची तक्रार महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडे करून तिचा नंबर जपून ठेवा, पुढे नोटीस आलीच तर उत्तराला तोच जोडायचाय.