कायद्याचे नटबोल्ट

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसानं मोटरसायकलवर हेल्मेट घातलंच पाहिजे अशी सक्ती नाही. डोकं तुमचं, हौस तुमची. हॉर्न मात्र २०० फुटांवर ऐकू गेला पाहिजे. मागचा तांबडा दिवा ५०० फुटांवरून दिसला पाहिजे, नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडून ती ५० फुटांवरून वाचता आली पाहिजे, आरसा पाहिजे, आणि गाडीला पुढं काच नसेल तर डोळ्यांवर गॉगल पाहिजे. म्हणजे मेंदू सांडला तरी हरकत नाही, डोळ्यांत धूळ जाता कामा नये.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण मी एक रानटी गाडी घेतली आणि तिला माणसांत आणायचं ठरवलं. होंडा एक्सआर ४०० आर, २००२ सालची. हवेवर थंड होणारं इंजिन, किक मारून चालू, बॅटरी नाही, किल्ली नाही. किल्लीच नाही म्हटल्यावर बायकोनं विचारलं, "मग चोरीला गेली तर?" मी म्हटलं, चोराला आधी किक मारून चालू करता आली पाहिजे. चाळीस अंशांत गरम इंजिनाला तीन किकांत जो जागं करील, तो गाडी घेऊन गेला तरी मला वाईट वाटणार नाही.

कारखान्यानं ही गाडी फक्त रस्त्याबाहेर चालवायला बनवली. तिच्या मूळ कागदावरही तसंच लिहिलेलं. पण फिनिक्सभोवतीच्या डोंगरांतल्या कच्च्या वाटा एकमेकींना थेट चिकटलेल्या नाहीत. मधे चार-सहा मैल डांबरी रस्ता येतो, पेट्रोल पंप येतो, आणि डांबरावर चाक टेकलं की तुम्ही गुन्हेगार. त्यावर इथले लोक पिकअप ट्रक घेतात आणि त्यात मोटरसायकल चढवून डोंगरापर्यंत नेतात. आमच्याकडं मुलांना शाळेत सोडायची मिनीव्हॅन. एक गाडी न्यायला दुसरी गाडी घ्यायची, हा हिशेब साताऱ्यात वाढलेल्या माणसाच्या गळी उतरत नाही. तेव्हा दुसरा मार्ग: गाडीला दिवे, आरसा, हॉर्न बसवा, तपासणी करून घ्या, विमा उतरवा, नंबरप्लेट लावा आणि घराच्या दारातून थेट निघा. ॲरिझोना हे करू देतं. शेजारच्या कॅलिफोर्नियात धुराच्या नियमांत न बसणारी असली गाडी रस्त्यासाठी नोंदवूनच घेत नाहीत, त्यामुळं आपण नशीबवान असं मी घरात वारंवार सांगत होतो.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांची उमर बजाज एम-८० वर गेली. तिच्यावरून त्यांनी गवताचे भारे, दुधाच्या किटल्या, एकदा तर शेळी आणली. ते म्हणाले, "अरे, जी रस्त्यासाठी केलेलीच नाही, ती रस्त्यावर आणायची कशाला?"

"डोंगरात जायला."

"आणि डोंगरात न्यायला तिला आरसा बसवायचा?"

"हो."

"आमच्याकडं बरं आहे मग. गाडी कायद्यात असते, रस्ताच कायद्यात नसतो."

बाबांना मी हेही सांगून पाहिलं, की भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, आणि त्या मानानं इथं केवढी मोकळीक आहे. बाबांनी शेळी एम-८० वर कुठल्या कलमाखाली बसत होती ते विचारलं.

असो. खरा डोंगर गॅरेजमध्येच होता. या गाडीत वीज तयार होते ती स्टेटरच्या कॉइलमध्ये, आणि ती कमी-जास्त होणारी, उलटसुलट वाहणारी. पुढचा दिवा त्यावर कसाबसा चालतो. रेस दिली की उजेड, सोडली की अंधार. ज्यांनी लुना चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण माझ्या हॉर्नला सरळ वाहणारी वीज लागते, आणि ब्रेकचा दिवा तर नेमका सिग्नलला, म्हणजे इंजिन सगळ्यात मंद असताना, नीट दिसावा लागतो. म्हणून वीज सरळ आणि एकसारखी करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर आणला, साबणाच्या वडीएवढी बॅटरी आणली. ती ठेवायला जागा नव्हती, कारण गाडी बनवणाऱ्यानं दीड किलो वजन वाचवायला सगळी गाडी खरवडून काढलेली. ते दीड किलो मी एका आठवड्यात परत चढवलं.

पुढच्या ब्रेकला दिव्याचं बटणच नव्हतं. त्यासाठी ब्रेक ऑइलच्या नळीचा बोल्ट काढून त्या जागी दाब ओळखणारा बोल्ट बसवायचा. त्यातून दोन वायरी बाहेर येतात. ऑइल दाबलं गेलं की दिवा लागतो. सुंदर कल्पना आहे. फक्त तो बोल्ट बदलला की नळीत हवा शिरते आणि मग ब्रेकच लागत नाही. थोडा वेळ माझ्याकडं अशी गाडी होती, जी थांबत नव्हती पण थांबते आहे असं मागच्याला झकास कळवत होती. हवा काढण्याचं काम रात्री अकराला, बायको लिव्हर दाबते आहे आणि मी खाली वाकून "दाब... धर... सोड" म्हणतो आहे, असं चाललं. लग्नात सप्तपदीला आम्ही एवढं ताळमेळीनं काही केलं नव्हतं.

इंडिकेटर सक्तीचे नाहीत, हातानं खूण केली तरी चालते. मी तरीही बसवले, कारण क्लचवरचा हात सोडून वळणारा माणूस हायवेवरच्या ट्रकवाल्याला टाटा करतो आहे असं वाटतं. एलईडीचे बसवले तर ते वेड्यासारखे फडफडू लागले. उघडझाप करवणारा फ्लॅशर जास्त वीज खाणाऱ्या जुन्या बल्बांच्या हिशेबानं केलेला. एलईडी इतकी कमी वीज खातात की त्याला वाटतं बल्ब उडाला. फ्लॅशर बदलला. टायरही बदलले, कारण बाजूला डीओटीची, म्हणजे इथल्या वाहतूक खात्याची, खूण नसलेला टायर डांबरावर चालत नाही आणि ही खूण असलेले मोठ्या गट्टूंचे टायर मोजकेच.

हॉर्नची चाचणी घेतली रविवारी सकाळी. फीत धरून २०० फूट मोजले, ते नेमके सहा घरं सोडून पत्रपेटीपाशी आले. बायको तिथं उभी, मी इथं. वाजवला. तिचा फोन आला.

"ऐकू आला?"

"फोनवर आला."

"फोन खाली धर."

तोवर शेजारचे आजोबा गाऊनमध्ये बाहेर आले होते. त्यांना तर बंद दारातून ऐकू गेला होता, त्यामुळं चाचणी यशस्वी झाली असं मी धरून चाललो.

मग विमा. फोनवरच्या बाईंनी १७ अक्षरी चॅसिस नंबर टाकला आणि सांगितलं, हे वाहन रस्त्यासाठी नाही असं कॉम्प्युटर म्हणतो. मी म्हटलं, आता आहे. त्या म्हणाल्या, मग नंबरप्लेट सांगा. नंबरप्लेट विमा असल्याशिवाय मिळत नव्हती. कायद्यानं ठरवलेला किमान विमा मला घ्यायचाच होता आणि त्या मला तो घेऊ देत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी विमा कंपनीच्या मागं लागलो. शेवटी दुसऱ्या एका कंपनीतल्या तरुणानं "ठीक आहे, मी हातानं भरतो" म्हटलं. त्याचं भलं होवो.

तपासणीचा अधिकारी मनानं चांगला, पण गुडघ्यांनी अधू. चॅसिस नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो आणि त्यावरून मी घातलेल्या सगळ्या नव्या वायरी गेलेल्या. त्याला टॉर्चच्या उजेडात एकेक आकडा वाचताना मी वायरी बाजूला धरून उभा. मग त्यानं हॉर्न वाजवायला सांगितलं. तीन पावलांवर उभा राहून. मी जीव खाऊन वाजवला. "बस, बस," तो म्हणाला.

आणि नंबरप्लेट मिळाली. ती मागच्या मडगार्डवर लावली, बोल्टांखाली रबरी वॉशर घातले आणि क्राउन किंगला निघालो. ब्रॅडशॉ डोंगरातलं हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक मर्फी यांनी तिथवर रेल्वे नेली. लोक तिला अशक्य रेल्वे म्हणत. आता रूळ नाहीत, पण रस्ता बराचसा त्याच वाटेनं जातो आणि पत्र्याच्या पन्हाळीसारखा नुसता खडबडतो. वाटेतल्या क्लीटर गावापर्यंत आरसा फिरून माझ्या कोपराकडं बघू लागला होता. पुढं एका वळणावर वाळूत आडवा झालो, तेव्हा डावा इंडिकेटर वायरीला लोंबकळत, अजूनही प्रामाणिकपणे उघडझाप करत होता. जे जे कायद्यानं बसवलं होतं, ते ते डोंगर उतरवून घेत होता. मूळ गाडीला ओरखडासुद्धा नाही.

वर पोचून कोक पीत असताना मागं पाहिलं. दोन्ही बोल्ट घट्ट, वॉशर जागच्या जागी, आणि त्यांच्यात प्लेटची वरची बोटभर पट्टी, ॲरिझोना एवढंच लिहिलेली. आकडे खाली कुठंतरी, मर्फींच्या रेल्वेवर.

घरी आल्यावर नव्या प्लेटसाठी अर्ज उघडला. हरवली, चोरीला गेली, की खराब झाली? एकावरच खूण करता येते. मी पट्टी हातात घेऊन बसलोय, आणि बायको म्हणते आहे, "बाबांना विचार."