खुलासा : बॅराइटमुळे पाण्यात विष कालवलं जात नाही

‘बॅराइट या खनिजात बेरियम हा धातू असतो, बेरियम विषारी, म्हणजे तेलविहिरीत बॅराइट ओतणं हे पाण्यात विष कालवणंच’ असा मजकूर सध्या फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

बेरियमचे विरघळणारे क्षार घातक असतात, हे खरं. बेरियम कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं, म्हणून उंदीर मारायला वापरलं जायचं. बॅराइट मात्र बेरियम सल्फेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटातल्या आम्लातही नाही. अन्ननलिकेचा एक्स-रे काढताना रुग्णाला याच क्षाराचा शुद्ध, खडूसारखा पांढरा घोळ प्यायला देतात आणि तो तसाच शौचावाटे बाहेर पडतो.

विहिरीत ते घालतात वजनासाठी. पाण्याच्या जवळपास साडेचारपट जड असलेली ही भुकटी ड्रिलिंगच्या चिखलात, म्हणजे खोदताना विहिरीत सोडल्या जाणाऱ्या दाट द्रवात, मिसळली, की खालून उसळणारं तेल आणि वायू दाबून धरता येतात. जगातलं बहुतेक बॅराइट इथेच खपतं. त्यामुळे खोदकाम थंडावलं की चीन, भारत, मोरोक्कोची निर्यातही थंडावते. आंध्रातल्या मंगमपेटचा साठा तर जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी.

शंका घ्यायचीच तर खनिजातल्या पारा, कॅडमियम अशा विषारी अशुद्धींची घ्या. अमेरिकेत समुद्रातल्या विहिरींसाठीच्या बॅराइटमध्ये किलोमागे पारा १ आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.