नाव नवे, दर नवे, नळ्या मात्र जुन्याच

लास व्हेगासच्या ज्या हॉटेलात आम्ही उतरलो होतो, त्याचे माझ्या तक्रारीला उत्तर आज सकाळी आले. रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या दरावर सुविधांच्या नावाने लावलेले वेगळे शुल्क, सर्व पाहुण्यांना बंधनकारक असून सुविधांचा प्रत्यक्ष वापर झाला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही, असे त्यात अत्यंत गोड शब्दांत कळवले आहे. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता आणि व्यायामशाळेला कुलूप होते, तेव्हा त्याच सुविधांच्या नावाने दर रात्रीमागे घेतलेली रक्कम परत मिळावी, एवढीच माझी विनंती होती. नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या मंगल कार्यालयाने बंद असलेल्या कूलरचे भाडे लावले असते, तर आपण सगळ्यांनी मिळून मालकाला अंगणात उभे केले असते.

हॉटेल जुने, मुलाचा जन्म होण्याआधीपासून उभे असलेले. मालकी बदलली, अलीकडेच नवे नाव लागले आणि दर्शनी भागाला नवा साज चढला. स्वागतकक्षात संगमरवर, छतातून सोडलेले दिवे आणि हवेत फवारलेला कसला तरी गोड सुगंध. मुलाने मोठ्या हौसेने खोल्या घेतल्या होत्या. छायाचित्रे मात्र नव्याने सजवलेल्या टॉवरची होती आणि आम्हाला मिळाली ती मागच्या, हात न लावलेल्या टॉवरमधली खोली. कोणता टॉवर मिळणार हे बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते, असे सूनबाई म्हणते. असेल. पण जे ठळकपणे सांगायला हवे ते बारीक अक्षरांत का लिहावे लागते, हे मला कोणी समजावून सांगावे.

पहिल्याच रात्री ही अंघोळीला गेली आणि आतून हाक आली, “अहो, पाणी जाऊन नाही राहिलं!” बघतो तर घोट्याच्या वर पाणी, त्यावर साबणाचा करडा फेस, आणि शेजारच्या भिंतीवर हॉटेलचे नवे बोधचिन्ह छापलेला कोरा करकरीत टॉवेल. टॉवेल तेवढा नवा. नळाच्या चकतीखाली गंजाचा तपकिरी ओघळ उतरला होता आणि फरशीच्या सांध्यांतला भराव झिजून गेला होता. सार्वजनिक बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या माणसापासून या गोष्टी लपत नाहीत.

तक्रार करायला खाली जायचे म्हणजे पूर्ण कॅसिनो ओलांडायचा. लिफ्टपासून स्वागतकक्षापर्यंत सरळ वाट ठेवायचीच नाही, जुगाराच्या यंत्रांच्या रांगांतूनच माणूस गेला पाहिजे, ही तिथली जुनी रचना आहे आणि नाव बदलल्याने ती बदलत नाही. एकवीस वर्षांखालील मुलांना तिथे रेंगाळता येत नाही, म्हणून नातू दोन मिनिटे रंगीत दिव्यांकडे पाहत थांबला तर सुरक्षारक्षकाने त्याला पुढे चालायला सांगितले. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात 2006 साली मतदारांनी धूम्रपानबंदीचा कायदा मंजूर केला, पण कॅसिनोचा मजला त्यातून वगळला. गालिच्यात मुरलेला वर्षानुवर्षांचा धूर आणि वर तो गोड सुगंध यांची सांगड डोके उठवते. (मी एक डॉलरही लावला नाही, हे वाचणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनी कृपया नोंदवून घ्यावे.)

त्या तुंबलेल्या पाण्यासाठी शेवटी जो माणूस वर आला, त्याच्यासाठी मला हे हॉटेल पूर्ण नावडते म्हणता येत नाही. साठीकडे झुकलेला, हातात स्प्रिंगची लांब तार. बोलताना तो हॉटेलचे जुने नावच घेत होता. मी इंजिनिअर आहे कळल्यावर त्याने तार फिरवता फिरवता सांगितले की, एकाखाली एक असलेल्या या सगळ्या बाथरूमचे सांडपाणी एकाच उभ्या सी.आय. (ओतीव लोखंडाच्या) पाइपात पडते आणि शनिवारी हॉटेल भरले की तो हमखास तुंबतो. वरच्या मालकांना हे ठाऊक आहे का, असे विचारल्यावर तो नुसता हसला.

नाव बदलण्याला माझा विरोध नाही. त्या शहरात ही रीतच आहे. सहारा हे हॉटेल 1952 चे; 2011 मध्ये बंद पडले, 2014 मध्ये एसएलएस म्हणून उघडले आणि 2019 मध्ये पुन्हा सहारा झाले. 1980 साली ज्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागून 85 माणसे गेली, ती इमारत पुढे बॅलीज झाली आणि 2022 मध्ये हॉर्सशू. आजचे एमजीएम ग्रँड ही 1993 ची वेगळी वास्तू आहे. त्या आगीत कॅसिनो आणि उपाहारगृहाच्या भागात आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलरच नव्हते, आणि बहुतेक माणसे आगीने नव्हे तर वरच्या मजल्यांवर चढलेल्या धुराने गेली. त्यानंतर नेवाडाने जुन्या उंच इमारतींनाही स्प्रिंकलर बसवायला लावले. म्हणजे कायद्याचा धाक असला की भिंती फोडून नव्या नळ्या टाकता येतात. पाहुण्याच्या सोयीसाठीच तेवढ्या भिंती फोडवत नाहीत.

नागपूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, व्हीआरसीईचे, 2002 मध्ये व्हीएनआयटी झाले. पण 1960 पासूनचा इतिहास कोणी झाकला नाही, उलट मिरवला. या हॉटेलाला स्वतःच्या वयाची लाज का वाटावी? जुनी खोली जुनी म्हणून, त्या दराने द्या. मी आनंदाने राहीन आणि त्या तारवाल्या माणसाशी तासभर गप्पा मारीन. राग येतो तो नव्या खोलीचे पैसे घेऊन जुनी माथी मारण्याचा. मे 2025 पासून अमेरिकेत हॉटेलांना सगळी शुल्के धरून एकूण रक्कम आधीच दाखवावी लागते, ही चांगली गोष्ट आहे, हे मान्य. पण ती फी घेण्याला कोणी मनाई केलेली नाही, आणि बंद तलावाचे पैसे आधी दाखवून घेतले म्हणून ते रास्त ठरत नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. खोली आवरणाऱ्या बाईंनी हिच्या पायाला सूज पाहून न मागता जास्तीची उशी आणून दिली होती, तेही लिहून ठेवतो. असल्या माणसांच्या जिवावर ती इमारत उभी आहे, बोधचिन्हाच्या नव्हे.

दिवाळीत मुलांकडे जाणारे तुमच्यापैकी बरेच जण व्हेगासला जातीलच. खोली घेण्याआधी टॉवरचे नाव विचारा, बाथरूमचे काम कधी झाले ते विचारा, तलाव उघडा आहे का ते लेखी घ्या. खोलीतल्या फ्रिजमधली बाटली नुसती उचलून पाहू नका; कित्येक ठिकाणी खाली सेन्सर असतो आणि बिल लागते. चहाची किटली बहुधा खोलीत नसते. इथून नेऊ नका, कारण तिथला विजेचा दाब 120 व्होल्ट आहे आणि आपली 230 ची किटली त्यावर जेमतेम पाव शक्तीने तापते. तिथल्याच दुकानातून एखादी स्वस्तातली घ्या आणि परतताना मुलाकडे ठेवून या.